हळवं पेट्रोल

सरळगावच्या अलीकडे एक पेट्रोल पंप आहे. गाडीची काच खाली झाली की तिथला माणूस विचारतो, "साधा का भारी?" आणि माझे वडील त्याला दर वेळी एकच उत्तर देतात, "हळवा टाक रे."

नवखा माणूस असला तर गोंधळतो. जुने असतात ते हसून साध्या पेट्रोलची नळी उचलतात.

हळवं आणि गरवं हे खरं तर भाताचे शब्द. हळवं भात लवकर पिकतं. माळावरच्या हलक्या जमिनीत, पाणी आटायच्या आत ते हाताशी येतं. गरवं आपला वेळ घेतं आणि त्याला पाणी धरून ठेवणारं खोल खाचर लागतं. बाबांची आमच्या गावात भात भरडायची गिरणी होती, त्यामुळे हे दोन शब्द त्यांच्या जिभेवर आयुष्यभर बसले. पोत्यात हात घालून ते मूठभर भात काढत, दातांखाली एक दाणा फोडत आणि हळवं का गरवं ते सांगत. पुढे त्यांनी सगळ्या जगालाच ही वाटणी लावली. माझ्या नवऱ्याला ते गरवा म्हणतात, कारण तो साध्या प्रश्नालाही विचार करून उत्तर देतो. मला हळवी म्हणतात, आणि ते मी सहज रडते म्हणून नव्हे, तर मी लगेच पेटते म्हणून. कल्याणला राहणाऱ्या माझ्या भावाला काहीच म्हणत नाहीत. तो फोन ठेवायच्या घाईत असतो.

गिरणी बंद केल्यावर बाबांनी एक जुनी, छोटी, पांढरी पेट्रोल गाडी घेतली. आम्हाला वाटलं, म्हाताऱ्याला हौस आली. हौस होतीच, पण गाडी आईसाठी होती. आईचे गुडघे गेले होते. एसटीच्या पायऱ्या तिला चढवत नव्हत्या आणि टमटममध्ये दहा जणांत तिला कोंबून बसवत नव्हतं. तिची धाकटी बहीण, माझी मावशी, शेणव्याला राहते. दर रविवारी बाबा आईला गाडीत घालून किन्हवलीवरून शेणव्याला नेत, दोघी बहिणी दिवसभर गप्पा मारत, आणि बाबा मावशीच्या अंगणात खाट टाकून झोपा काढत. बाकीचे सहा दिवस ते गाडी पुसत, बॉनेट उघडून बघत आणि पुन्हा पुसत. गिरणी गेल्यावर त्यांच्या हातांना एवढंच काम उरलं होतं.

मी शहापूरला एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करते. शांतता राखा, ही पाटी माझ्या डोक्यामागेच लावलेली आहे आणि ती मला मनापासून पटते. कुठेही काही खडखडलं, किरकिरलं की आधी मला ते बंद करावंसं वाटतं. का खडखडतंय, हे नंतर.

एका रविवारी मी माहेरी मुक्कामाला होते आणि त्यांच्याबरोबर गाडीत मागे बसले होते. थंडी नुकती पडायला लागली होती. खाचरं कापून झाली होती आणि रस्त्याच्या कडेला पेंढ्याचे भारे रचून ठेवले होते. नदीवरचा पूल ओलांडला की एक लांब चढण लागते. त्या चढणीला गाडी लागली आणि पुढून आवाज सुरू झाला. पत्र्याच्या डब्यात चिंचोके टाकून कुणी जोरजोरात हलवावेत तसा.

"बाबा, गाडी वाजतेय."

ते सरळ पुढे बघत राहिले.

मी मोठ्यानं म्हटलं, "बाबा, गाडी वाजतेय!"

"कुठं वाजते गो? काय नाय वाजत."

मी आईकडे पाहिलं. आई खिडकीबाहेर बघत होती. चढण संपली, आवाज थांबला, आणि बाबांनी विजयानं मान हलवली. मला राग आला. एवढा मोठा आवाज येतोय आणि हा माणूस सरळ नाही म्हणतो, म्हणजे काय म्हणायचं? हट्टीपणात आमच्या बाबांचा कुणी हात धरणार नाही, असं मी मनातल्या मनात म्हणाले आणि संध्याकाळी भावाला फोन लावला. ती माझी घाई झाली. आवाजाचं माझ्या तोंडून नुसतं ऐकूनच त्यानं निकाल दिला.

"इंजिन गेलं असणार. किती जुनी गाडी आहे ती! आणि बाबांचं वय बघ. मी शिमग्याला येतोय ना, तेव्हा विकूनच टाकू. गिऱ्हाईक मी बघतो."

"आणि आई शेणव्याला कशी जाणार?"

"मावशीला म्हणावं, तू ये."

मावशीच्या घरी अंथरुणाला खिळलेली सासू आहे, ती कशी येणार, हे त्याला माहीत होतं. तो वाईट नाही. लांब राहणाऱ्या माणसाला सगळं सोपं दिसतं, इतकंच.

त्या रात्रीपासून मी फोनवर पेट्रोलचं वाचायला लागले. गाडी वाचवायची असेल तर आवाज बंद करायला हवा, एवढं मला कळत होतं. वाचता वाचता समजलं, की पंपावर लिहिलेला ऑक्टेनचा आकडा म्हणजे पेट्रोलची ताकद, असं जे आपण सगळे धरून चालतो, ते चूक आहे. तो आकडा म्हणजे पेट्रोलचा धीर. इंजिनात पेट्रोल आणि हवा दाबली जाते आणि मग ठिणगी पडते. ठिणगीची वेळ येईपर्यंत, आणि ती पडल्यावरही, पेट्रोलनं दम धरायचा असतो. आकडा कमी असेल तर दाब वाढल्यावर त्यातलं काही आपलं आपणच पेटतं, आणि तोच तो चिंचोक्यांचा आवाज. जास्त आकड्याचं पेट्रोल दाब सोसतं आणि आपली पाळी येईपर्यंत थांबतं.

मी मोबाइल खाली ठेवून एकटीच हसले. लवकर पेटणारं ते हळवं आणि थांबणारं ते गरवं. बाबांनी नुसत्या सवयीनं ठेवलेली नावं इतकी चपखल बसली होती, की नवऱ्याला सांगितल्यावर तोही हसला. अर्थात, विचार करून.

पुढच्या रविवारी पंपावर मी बाबांच्या आधी बोलले. "भारी टाका."

बाबा मागे वळले. "गरवा कशाला? माळावर कुणी गरवा पेरतो काय? जमीन बघून बी टाकायचा." त्यांनी खाली उतरून पेट्रोलच्या टाकीचं झाकण मला दाखवलं. आतल्या बाजूला चिकटवलेल्या कागदावर एक्क्याण्णवचा आकडा होता, म्हणजे साधं पेट्रोल. गाडी बनवणाऱ्यांनीच तसं सांगितलं होतं. जे इंजिन पेट्रोलला फार दाबतच नाही, त्याला जास्त धीराचं पेट्रोल पाजून काही उपयोग नसतो, हे मीही वाचलं होतं. पण चिंचोके तर वाजत होते ना.

"बाबा, एकदा बघू तरी."

"बघ बाबा. तू शिकलेली," असं म्हणून ते हसले आणि पुन्हा गाडीत बसले.

त्या दिवशी चढणीवर आवाज जवळजवळ आलाच नाही. मला कोण आनंद झाला! मी भावाला लगेच कळवलं, गाडीला काहीही झालेलं नाही, पेट्रोल बदललं आणि आवाज गेला, गिऱ्हाईक शोधू नकोस. तो म्हणाला, बरं, शिमग्याला आल्यावर बघतो. मग मी दर रविवारी शहापूरहून माहेरी जायला लागले आणि पंपावर स्वतः उतरून भारी पेट्रोल भरून घ्यायला लागले. बाबा खिडकीतून पंपावरच्या माणसाला सांगत, "गाडीचा डोहाळजेवण चाललाय."

असे काही रविवार गेले. मग एकदा त्याच चढणीवर गाडी अर्ध्यात थरथरायला लागली. चिंचोके नव्हते, पण सगळी गाडी हिवताप आल्यासारखी हुडहुडत होती. बाबांनी अॅक्सिलरेटर आणखी दाबला. दोन आचके बसले, गाडी बंद पडली आणि हळूच मागे सरकली. मागून विटांचा टेम्पो येत होता. त्यानं लांबलचक हॉर्न दिला. बाबांनी ब्रेक दाबला, हँडब्रेक ओढला, सगळं नीट केलं. पण हॉर्न वाजला तेव्हा त्यांनी आरशात पाहिलं नाही. टेम्पो शेजारून पुढे निघाला आणि तो खिडकीच्या काचेत दिसला, तेव्हा ते दचकले.

"तुझ्या गरव्यानी दम खाल्ला," ते म्हणाले.

त्या दिवशी त्यांची कंबर दुखत होती, म्हणून पुढे मी गाडी चालवली.

बाबांनी आरशात न पाहिलेला तो हॉर्न आठवडाभर माझ्या डोक्यात वाजत होता. दुसऱ्या रविवारी टाकी खाली होती. पंपावर माणसानं विचारलं, "भारी ना ताई?" आणि मी म्हटलं, "हळवं." बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, आज मीच चालवते, तुम्ही कंबर सांभाळा. ते शेजारी बसले, आई मागे.

पूल आला, चढण लागली. गाडी जड व्हायला लागल्यावर मी चौथ्यातून तिसरा, तिसऱ्यातून दुसरा गिअर टाकला. साध्या पेट्रोलवर, त्याच जुन्या इंजिनावर, गाडी गपगुमान वर गेली. एक चिंचोका वाजला नाही.

वर जाऊन मी गाडी वळवली. बाबांना म्हटलं, "रुमाल पडला वाटतं माझा खाली," आणि पुन्हा पुलापर्यंत आले. या वेळी चढणीवर मी मुद्दाम गिअर बदलला नाही. चौथ्यातच ठेवून दाबत राहिले. लगेच सुरू झालं. टकटक, टकटक, मग एकसारखा खणखणाट. माझ्या दाढा शिवशिवल्या. मी बाबांकडे पाहिलं. जो माणूस गिरणीच्या पट्ट्याचा नुसता आवाज बदलला तरी जेवता जेवता ताटावरून उठून धाव घेत असे, तो माणूस शांतपणे एका शेतातली गुरं बघत बसला होता.

मागून आई बोलली. नेहमीच्या आवाजात, जराही न दबकता, त्यांच्या पाठीमागे हातभर अंतरावरून. "कधीपासनं ओरडतेय गाडी. त्यांना नाय गो ऐकू येत."

बाबा गुरंच बघत होते.

"तुला माहीत होतं?"

"घरात मी ओरडून बोलते, ते तोंडाकडं बघून उत्तर देतात. गाडीत कसा बघतील? म्हणून मी गाडीत बोलतच नाय." मग ती म्हणाली, "तुमाला सांगितला असता तर तुमी चावी काढून घेतली असती. मग मी शेणव्याला कशी गेली असते? आणि ते काय करतील दिवसभर?"

मला रडू आलं. मी गिअर टाकला, गाडी वर नेली आणि एका आंब्याखाली उभी केली. मला वाटत होतं मी गाडीचं दुखणं बरं केलं. गाडीला दुखणं नव्हतंच. बाबांना इंजिन ऐकू येत नव्हतं, म्हणून ते चौथ्या गिअरमध्येच चढण चढत होते, आणि गाडी बिचारी जमेल तशी ओरडून सांगत होती. मी भारी पेट्रोल पाजून तिचं तोंड बंद केलं होतं. आमच्या घरात जिनं सगळ्यांत मोठ्यानं ओरडायला हवं होतं, त्या गाडीलाच मी ग्रंथालयात बसवलं होतं.

बाबांना कसं सांगायचं? तोंडानं सांगितलं असतं तर ते 'काय नाय' म्हणाले असते. मी गाडी पुन्हा सुरू केली. पुढे लहानशी चढण होती. तिथे मी चौथ्यातच गाडी दाबली आणि बाबांचा उजवा हात उचलून गिअरच्या दांड्यावर ठेवला.

गिरणीत असताना ते इंजिनावर असाच तळवा ठेवून उभे राहत. त्यांचे डोळे आधी बारीक झाले, मग मोठे. मी गिअर बदलला, थरथर थांबली. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग आरशात आईकडे.

"वाजते?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली.

"मोठ्यानी?"

मी पुन्हा मान हलवली. शेणव्याला पोचल्यावर खाली उतरून त्यांनी खिशातली दुसरी चावी काढली आणि माझ्या हातात ठेवली. "राहू दे तुझ्याकडं. आधी कानाचा बघू." एवढंच म्हणाले आणि अंगणातल्या खाटेवर जाऊन बसले. त्या दिवशी ते झोपले नाहीत.

चावी मी मागितली नव्हती. त्यांनी ती आपणहून दिली, याचं मला जास्त वाईट वाटलं.

कानाचं मशीन शहापुरातच मिळालं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कामधंदा काय होता? गिरणी म्हटल्यावर त्यांनी आणखी काही विचारलं नाही. बाबांना पहिले काही दिवस ते मशीन अजिबात आवडलं नाही. कावळे फार झालेत म्हणाले. आई भांडी आपटते म्हणाले. मावशीच्या सासूच्या घोरण्याबद्दल तर ते असं काही बोलले, की मावशी पदर तोंडाला लावून आत पळाली. "जल्मभर मशीन चालवली, आता मशीन मला चालवते," असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगून ते कान दाखवत. पण रात्री झोपताना मशीन स्वतः पुसून डबीत ठेवत, जशी गाडी पुसत तशीच.

शिमग्याला भाऊ आला. गिऱ्हाईक त्याच्या खिशातच होतं, मुरबाडचा कुणी ओळखीचा. मी त्याला म्हटलं, रविवारी एकदा आमच्याबरोबर शेणव्याला चल, मग काय ते ठरव. चावी मी बाबांच्या हातात दिली. त्यांनी ती घेतली, पण गाडीत बसल्यावर किंचित वेळ स्टेअरिंगवर नुसता हात ठेवून बसले. भाऊ त्यांच्या शेजारी होता, आई आणि मी मागे.

पंपावर माणसानं विचारलं, "साधा का भारी?"

बाबा माझ्याकडे वळले. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. भारी टाकलं असतं तर चढणीवर आवाज आला नसता, भावाला काही कळलं नसतं, आणि गाडी वाचली असती. पण मग बाबांनाही काही कळलं नसतं.

"हळवंच," मी म्हटलं. "ते लगेच बोलतं."

पूल आला. कडेला पळस पेटला होता, कापलेल्या खाचरांत गुरं मोकळी फिरत होती. गाडी चढणीला लागली. भाऊ फोनमध्ये काहीतरी बघत होता. इंजिन जड झालं आणि पुढून एक टक आलं. एकच, अगदी बारीक. मी पुढे झुकणार एवढ्यात बाबांचा हात गिअरवर गेला होता. तिसरा. थोडं वर, मग दुसरा. गाडी सरळ वर निघाली.

"ऐकलास?" त्यांनी भावाला विचारलं.

"काय?" भाऊ फोनमधून मान वर काढून म्हणाला.

"काय नाय. तुला मशीन लागेल आता," बाबा म्हणाले आणि स्वतःच मोठ्यानं हसले. चढण संपल्यावर भावानं फोन खिशात टाकला. गिऱ्हाइकाचा विषय त्यानं त्या दिवशी काढला नाही आणि नंतरही काढला नाही.

पुढे रस्त्याकडेला एका घराच्या परसात शेवगा लागला होता. आई खिडकीतून बघत आपल्याशीच पुटपुटली, "शेंगा बघ कशा लागल्यात." तिला कुणी उत्तर द्यावं असं काही ते बोलणं नव्हतं. ती गाडीत तसं बोलतच नसे.

"येताना मागून घेऊ," बाबा म्हणाले.

आईनं चमकून पुढे पाहिलं. बाबा रस्त्याकडेच बघत होते, त्यांची पाठ तिच्याकडे होती. तिनं जरा वेळ जाऊ दिला आणि मग आणखी हळू, जवळजवळ कुजबुजत, विचारलं, "आमटी करू का भाजी?"

"आमटी," बाबा म्हणाले.

मग आई शेणवा येईपर्यंत बोलत होती.